कडक भाकरीचा समुद्रप्रवास

अक्कलकोट तालुक्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी निघाली, की घरात आठवडाभर आधीपासून बॅगांची वजने सुरू होतात. बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलोची मर्यादा घालतात. वजन वाढले की कपडे कमी होतात, पुस्तके कमी होतात, जाड स्वेटर अंगावर घालूनच जायचे असे ठरते. पण दोन जिन्नस बाहेर काढायला घरातले कोणी तयार नसते. एक म्हणजे कडक भाकरीची चवड आणि दुसरा म्हणजे शेंगा चटणीची पिशवी.

सोलापूर जिल्ह्याला ही दृश्ये आता नवी नाहीत. सोलापुरात कितीतरी घरगुती उद्योग आणि महिलांचे बचत गट कडक भाकरी करून विकतात आणि ती दूरदूर जाते. अक्कलकोट हा सीमेवरचा तालुका. इथे अनेक घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा बोलल्या जातात. भाकरीला कोणी भाकरी म्हणतो, कोणी रोट्टी म्हणतो. पण परगावी गेलेल्या माणसाला तिची आठवण दोन्ही भाषांत सारखीच येते.

विद्यार्थी मित्रांनो, इथे दोन प्रश्न उभे राहतात. ज्या देशांत पावाचे शेकडो प्रकार मिळतात, तिथे राहणाऱ्या माणसाला ज्वारीच्या भाकरीची एवढी ओढ का लागावी? आणि ताजी भाकरी दोन दिवसांत बुरसटते, तर तिचीच बहीण असलेली कडक भाकरी महिनाभर कशी टिकते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या नाकात आणि मेंदूत आहे. दुसऱ्याचे उत्तर पाण्याच्या रेणूंत आहे. ही दोन उत्तरे एकमेकांच्या आड येतात, आणि परदेशी राहणाऱ्याची खरी अडचण तिथेच सुरू होते. कशी, ते आपण क्रमाने पाहू.

घराची ओढ

घराच्या ओढीचा विचार वैद्यकाने फार पूर्वीच केला होता. १६८८ मध्ये योहान्स होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधील बाझल येथे एक प्रबंध लिहिला. परमुलखात राहणारी माणसे, विशेषतः परक्या सैन्यांत चाकरी करणारे स्विस तरुण, घराच्या आठवणीने झुरतात, त्यांची झोप आणि भूक जाते, असे त्याने नोंदवले. या अवस्थेला त्याने ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ते तयार केले होते. आज आपण याला आजार म्हणत नाही. तथापि, परगावी गेलेल्या माणसाची भूक आणि त्याचे मन यांचा संबंध आहे, हे निरीक्षण बरोबरच होते.

आपल्याकडचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८८३ मध्ये अवघ्या १८ वर्षांच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या. आपला पोशाख आणि शाकाहार सोडायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्या काळी फिलाडेल्फियात आपल्याकडची डाळ, पीठ, मसाले मिळण्याची सोय नव्हती. १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळवली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. कडाक्याची थंडी, अभ्यासाचा ताण आणि ओळखीच्या अन्नाचा अभाव या सर्वांना तोंड देत त्यांनी ती वर्षे काढली. आज परदेशातील मोठ्या शहरांत भारतीय किराणा मिळतो. आनंदीबाईंच्या वाट्याला ती सोय आली नाही.

अशा अन्नाने खरोखर दिलासा मिळतो का? २०११ मध्ये जॉर्डन ट्रोइसी आणि शिरा गॅब्रिएल या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी याबाबत काही प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांच्या मनात कोंबडीच्या सूपला ‘मायेचे अन्न’ म्हणून स्थान होते, त्यांनी ते सूप प्याल्यावर नात्यागोत्याशी संबंधित शब्द त्यांच्या मनात अधिक सहज येत, असे आढळले. म्हणजे आवडत्या पदार्थाबरोबर तो वाढणारी माणसेही आठवतात. आपल्याकडे सूपाच्या जागी भाकरी ठेवा, एवढाच काय तो फरक.

जीभ थोडे सांगते, नाक पुष्कळ

आपण म्हणतो, ‘जिभेवर चव रेंगाळते.’ पण जिभेला मुख्यतः पाचच चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी म्हणजे डाळीच्या, टोमॅटोच्या किंवा मांसाच्या रश्शात जाणवणारी रुचकर चव. मिरचीचा तिखटपणा हा या अर्थाने चव नव्हेच. मिरचीतील कॅप्सेसिन हा पदार्थ उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतो, म्हणून तोंडात ‘आग’ होते. कॅप्सेसिनला दाद देणारा हा ग्राहक रेणू डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

मग भाकरी ‘भाकरीसारखी’ लागते, हे कळते कशाने? नाकाने. घास चावताना त्यातील उडून जाणारे सूक्ष्म रेणू घशाच्या मागच्या वाटेने नाकात वर चढतात. नाकाच्या छतापाशी त्यांना ओळखणाऱ्या पेशी असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये या ओळखीमागची जनुके शोधून काढली. त्याबद्दल २००४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक काम करतात. एकेक गंध म्हणजे त्यांतील काही ग्राहकांनी मिळून वाजवलेला एक सूर. सर्दी झाली की जेवण बेचव का लागते, हे आता तुमच्या लक्षात येईल. जीभ शाबूत असते, नाकाची वाट बंद झालेली असते.

गंधाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. डोळे, कान आणि त्वचा यांच्याकडून येणारे संदेश आधी मेंदूतील ‘थॅलॅमस’ या मध्यवर्ती ठाण्यात जातात आणि तिथून पुढे वाटले जातात. गंधाचे संदेश मात्र या ठाण्यात न थांबता घ्राणकंदातून थेट मेंदूच्या गंध जाणणाऱ्या भागात जातात. भावनांशी संबंधित असलेला ‘अमिग्डाला’ आणि स्मृती घडवणारा ‘हिप्पोकॅम्पस’ या भागांशी त्यांचे अगदी निकटचे संबंध आहेत. म्हणूनच घराचा फोटो पाहून जे होत नाही, ते भाजलेल्या शेंगदाण्याच्या एका वासाने होते.

आवड जन्मतः की संस्काराने?

तुम्ही म्हणाल, भाकरी आपल्या रक्तातच आहे. विज्ञान मात्र तसे सांगत नाही. फिलाडेल्फियातील मोनेल केंद्रात ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मातांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि काहींना बाळ अंगावर पीत असताना गाजराचा रस नियमित दिला. काहींना केवळ पाणी दिले. पुढे या बाळांना पहिले घन अन्न सुरू झाले, तेव्हा ज्यांच्या मातांनी गाजराचा रस घेतला होता त्या बाळांनी गाजराच्या चवीची खीर कमी तोंडे वाकडी करून खाल्ली. आईच्या आहारातील गंध गर्भजलातून आणि दुधातून बाळापर्यंत पोहोचतात. अक्कलकोटच्या बाळाला शेंगा चटणीतल्या लसणाची ओळख पहिला घास घेण्यापूर्वीच झालेली असते, असे म्हणायला हरकत नाही.

याचा दुसरा पुरावा आपल्याच ताटात आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेतील. आजच्या सुदानच्या परिसरात सुमारे ५००० वर्षांपूर्वी माणसाने तिची लागवड सुरू केली आणि पुढे ती भारतात आली. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती १४९८ नंतर आपल्या किनाऱ्यावर उतरली. भाकरी आणि शेंगा चटणी या जोडीतील तिन्ही मुख्य जिन्नस असे परदेशांतून आलेले आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या त्या आपल्या मातीत पिकल्या, आपल्या चुलीवर भाजल्या गेल्या आणि आपल्या झाल्या. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेला ‘मालदांडी’ ज्वारीचा वाण आज महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ज्या उत्तर चीनमध्ये त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले, तिथल्या डोंगराळ भागातील लोकांचे मुख्य धान्य होते राळे. आपल्या शेतकऱ्याला भाकरी जशी, तशी तिथल्या शेतकऱ्याला राळ्याची पेज. मायेचे अन्न प्रत्येक देशात असते. फक्त धान्य बदलते.

आणि हे संस्कार किती चिवट असतात पाहा. कोकणातील बेने इस्रायली, म्हणजे आपण ज्यांना शनिवार तेली म्हणत आलो ते मराठी भाषक ज्यू, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तरीही आनंदाच्या आणि नवसाच्या प्रसंगी भिजवलेले पोहे, खोबरे, गूळ किंवा साखर आणि फळे यांचा ‘मलिदा’ त्यांच्यात आजही केला जातो. देश बदलला, पोह्यांचे ताट राहिले.

तव्यावर काय घडते?

आता स्वयंपाकघरात येऊ. भाकरी थापून तव्यावर टाकली, की वरच्या बाजूवर पाणी फिरवतात. खालची बाजू तापून आवळते. वरची बाजू मात्र ओली राहते, म्हणून ती तडकत नाही. भाकरी उलटली की ही बाजूही भाजते आणि दोन्हीकडे पातळ, अखंड कवच तयार होते. मधले पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळू लागते. १ ग्रॅम पाण्याचे आकारमान १ घन सेंटिमीटर असते. त्याची वाफ झाली की तेच सुमारे १६७० घन सेंटिमीटर होते. फुगलेल्या भाकरीच्या पोटात अर्धा लिटर वाफ आहे असे धरले, तर तिला १ ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा पाणी पुरते. एवढ्याशा पाण्याने पापुद्रा सुटतो!

भाकरीवर जे खरपूस डाग पडतात, त्यांची गोष्ट वेगळी. पीठ ओले आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही, कारण मिळालेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. जिथले पाणी संपते, तिथेच तापमान चढते. ते साधारण १४० अंशांच्या पुढे गेले, की पिठातील शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांच्यात झपाट्याने अभिक्रिया होऊ लागतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये त्यांचे वर्णन केले. म्हणून त्यांना मायार अभिक्रिया म्हणतात. तपकिरी रंग आणि भाजल्याचा खमंग वास हे त्यांचेच फळ. भाजलेल्या शेंगदाण्याचा वासही याच जातीचा. त्यात ‘पायराझीन’ वर्गातील संयुगे असतात आणि आपल्या नाकाला ती अत्यल्प प्रमाणातही कळतात.

पाणी गेले, आयुष्य वाढले

कडक भाकरी नेहमीच्या भाकरीपेक्षा पातळ थापतात, भाजतात आणि मग मंद आचेवर किंवा उन्हात तिच्यातले उरलेसुरले पाणी घालवतात. हिशेब करून पाहू. समजा, १०० ग्रॅम पीठ घेतले. त्यात मुळातच १० ग्रॅम पाणी आहे. मळताना आणखी ९० ग्रॅम पाणी घातले. गोळा झाला १९० ग्रॅमचा. तव्यावर ३० ग्रॅम पाणी उडाले, तर ताज्या भाकरी १६० ग्रॅम भरतील. त्यांत कोरडा ऐवज ९० ग्रॅम आणि पाणी ७० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के. याच भाकरी कडक करताना ६ ग्रॅमच पाणी शिल्लक राहिले, तर वजन होईल ९६ ग्रॅम. पाण्याचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास. वजन ४० टक्क्यांनी घटले, पोषण मात्र फारसे कमी झाले नाही. २३ किलोच्या मर्यादेत बॅग भरणाऱ्या आईला हा हिशेब न मांडताही कळलेला असतो.

पण टिकाऊपणासाठी केवळ पाणी किती आहे हे पाहून भागत नाही. ते सूक्ष्मजीवांना किती सहज मिळते, हे महत्त्वाचे. मधात पाणी असते, पण ते शर्करेने बांधून ठेवलेले असते. म्हणून मध नासत नाही. ही उपलब्धता मोजण्यासाठी ‘जलक्रियता’ ही राशी वापरतात. ऑस्ट्रेलियातील विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५० च्या दशकात अन्न नासण्याचा आणि जलक्रियतेचा संबंध दाखवून दिला. शुद्ध पाण्याची जलक्रियता १. अन्न नासवणारे बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत, बहुतेक बुरश्या ०.८ च्या खाली थांबतात आणि ०.६ च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. कडक भाकरी या शेवटच्या रेषेच्याही खाली असते. पूर्वी युरोपातील खलाशी महिनोन्‌महिने समुद्रावर राहत, तेव्हा त्यांच्या शिदोरीतही अशीच कोरडी, दगडासारखी बिस्किटे असत. तत्त्व एकच.

कडक भाकरी कटकन तुटते आणि मऊ भाकरी वाकते, हे का? पिष्टाच्या लांबलचक साखळ्यांमध्ये पाण्याचे रेणू असले, की ते वंगणासारखे काम करतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकतात. पाणी गेले की त्या जागच्या जागी थिजतात. या अवस्थेला शास्त्रज्ञ काचस्थिती म्हणतात. कडक भाकरी ही या अर्थाने काचच होय! तिला हवेतील ओल मिळाली, की पाणी पुन्हा आत शिरते आणि ती सादळते.

ती कुठे लवकर सादळेल? मुंबईत जुलैत हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे उघड्यावर ठेवलेली भाकरी फार काळ कडक राहणार नाही. याउलट, थंड देशांतला हिवाळा पाहा. बाहेर तापमान ० अंश असेल, तर १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली, की तिची बाष्प सामावण्याची क्षमता १७ ग्रॅम होते. पण बाष्प तर ५ ग्रॅमच आहे! म्हणजे सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली. बाहेर बर्फ पडत असताना आतली हवा आपल्या उन्हाळ्यासारखी कोरडी असते आणि सोलापूरची कडक भाकरी तिथे खुशाल कुरकुरीत राहते.

काय पोहोचते, काय मागे राहते?

आता सुरुवातीला म्हटलेल्या अडचणीकडे वळू. भाकरी टिकावी म्हणून आपण तिच्यातले पाणी घालवले. पण ताज्या भाकरीचा जो वास आपल्याला वेडावतो, तो वाफेबरोबर वर येणाऱ्या रेणूंचा असतो. पापुद्रा फोडला की वाफ नाकाशी येते. त्या क्षणी लाखो गंधरेणू आपल्याला मिळतात. कोरड्या, थंड भाकरीतून ते तसे सुटत नाहीत. बरेचसे तर भाजताना आणि साठवणीत आधीच उडून गेलेले असतात. म्हणून पार्सल उघडणाऱ्याला भाकरी मिळते, पण तव्यावरून ताटात पडणाऱ्या भाकरीचा वास मिळत नाही. ज्या उपायाने भाकरी तगते, त्याच उपायाने तिचा वास बराचसा हरवतो.

शेंगा चटणी या बाबतीत अधिक भाग्यवान. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. चटणी कुटताना ते सुटते आणि भाजल्याचे, लसणाचे, जिऱ्याचे गंधरेणू त्यात विरघळून राहतात. तोंडात चटणी गेली, की शरीराच्या उष्णतेने ते हळूहळू बाहेर पडतात. कडक भाकरी चटणीबरोबर खाण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. भाकरीने गमावलेला गंध चटणी भरून काढते. दूध किंवा गरम आमटीत भाकरी कुस्करली, तर पाणी आणि ऊबही परत मिळते. अर्थात तेलालाही शत्रू आहेच: हवेतील प्राणवायू. त्याच्याशी संयोग होऊन तेल खवट होते. चटणीची पिशवी हवाबंद आणि अंधारात ठेवायची, ती यासाठी.

परक्या मुलखात भाकरी

मग परदेशात ताजी भाकरीच का करू नये? धान्याचा प्रश्न नाही. जगात सर्वाधिक ज्वारी पिकवणाऱ्या देशांत अमेरिका अग्रभागी आहे आणि तिथल्या कॅन्सस राज्यात तिची अफाट शेते आहेत. मात्र तिथली बरीचशी ज्वारी जनावरांच्या खाद्याला, इथेनॉल करायला आणि निर्यातीला जाते. डब्यात ज्वारीचे पीठही मिळते, कारण गहू न चालणाऱ्यांना ते उपयोगी पडते. तरीही ते पीठ आणून भाकरी थापायला गेले, की कडा चिरतात, भाकरी उचलताना तुटते आणि नवशिका हताश होतो.

आपल्या आज्या याला म्हणतात, ‘पिठाची विरी गेली.’ विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. गव्हाच्या पिठात पाणी घातले, की त्यातील प्रथिनांचे ‘ग्लूटेन’ नावाचे लवचिक जाळे तयार होते; म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीच्या प्रथिनांचे असे जाळे होत नाही. तिथे सगळी भिस्त ओल्या पिष्टावर असते. ताज्या, बारीक दळलेल्या पिठाला विरी चांगली असते. पीठ महिनोन्‌महिने पडून राहिले, की त्यातील स्निग्ध पदार्थांचे विघटन होते, चव कडवट होते आणि पिठाची चिकटून राहण्याची ताकदही घटते.

यावर घरोघरी ठाऊक असलेला उपाय शास्त्रशुद्ध आहे. पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचे किंवा उकड काढून घ्यायची. सुमारे ७० अंशांच्या वर पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. ही खळ उरलेल्या पिठाला बांधून ठेवते. ग्लूटेनचे काम ती काही अंशी करते. दुसरा उपाय म्हणजे पीठ शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवणे. तापमान १० अंशांनी उतरले, की अशा अभिक्रियांचा वेग साधारण निम्मा होतो, असा ढोबळ नियम आहे. परदेशातील घरांत चूल नसते, विजेच्या सपाट शेगड्या असतात आणि जरा धूर झाला की छतावरची धोक्याची घंटा वाजू लागते. तरी काही बिघडत नाही. भाकरी तव्यावरच कापडाने हलके दाबत भाजली, तर तिथेही ती फुगते. तिला निखारा लागतोच असे नाही. हवी असते कोंडलेली वाफ.

म्हणून मला तुम्हाला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. तुमच्यापैकी काही जण उद्या पुण्याला, बंगळूरला, काही त्याहून दूर जातील. बॅगेत कडक भाकरी जरूर न्या. पण जाण्यापूर्वी आईजवळ, आजीजवळ बसून भाकरी करायला शिका. मुलींनी आणि मुलांनीही. पाणी किती तापवायचे, गोळा किती मळायचा, तळहाताचा दाब कुठे द्यायचा, पाणी फिरवल्यावर किती वेळाने उलटायची, हे पुस्तक वाचून येत नाही. आज्यांची ती पिढी आहे तोवर हे शिकून घेतले पाहिजे. या विद्येला बॅगेत जागा लागत नाही, सीमाशुल्काचा अधिकारी तिला अडवत नाही. आणि ज्या वाफेचे पार्सल करता येत नाही, ती वाफ मिळवण्याचा हा एकच मार्ग आहे.

करून पाहा

१. ताजी भाकरी वजनकाट्यावर तोला. मंद आचेवर ती पूर्ण कडक करा आणि पुन्हा तोला. किती टक्के पाणी गेले?

२. कडक भाकरीचे दोन सारखे तुकडे घ्या. एक घट्ट झाकणाच्या डब्यात, दुसरा उघड्या ताटलीत ठेवा. आठ दिवस रोज तोला. हाच प्रयोग मे महिन्यात आणि जुलै महिन्यात करा आणि दोन्हींचे आलेख काढा.

३. डोळे मिटून, नाक चिमटीत धरून मित्राने दिलेला पदार्थ चावा: एकदा भाजलेला शेंगदाणा, एकदा फुटाणा. कोणता ते ओळखता येते का? आता नाक सोडा. काय फरक पडला?

४. शिळी भाकरीही कडक होते, पण तिच्यातले बरेचसे पाणी अजून तिच्यातच असते. मग ती कडक का झाली? गरम केल्यावर ती पुन्हा थोडी मऊ का होते? पिष्टाच्या साखळ्या थंड झाल्यावर पुन्हा एकमेकींना कशा बिलगत असतील, याचा विचार करा आणि आपले उत्तर वर्गात शिक्षकांपुढे मांडा.